पाळी चुकण्याआधीची गोळी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

इंदूरला प्रसूतीच्या ओपीडीत आहारसल्ला द्यायला बसणार आहेस, म्हणून ब-जीवनसत्त्वांपैकी एक असलेल्या फॉलिक अ‍ॅसिडबद्दल जरा सविस्तर लिहिते.

गोळीचं नाव बहुतेकींना ठाऊक असतं, घोळ होतो तो वेळेचा. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे आधी आठ-दहा दिवस वाट बघणं, मग घरी किट, मग सासूबाईंच्या कानावर घालणं, आणि मग डॉक्टर. चिठ्ठी हातात पडते तोवर आठवा-नववा आठवडा लागलेला असतो. तेव्हा दिलेली गोळी तिच्या रक्तासाठी चांगलीच, पण कण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मूल जगत नाही. खाली राहिली तर स्पायना बायफिडा: पायांत बळ नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं.

म्हणून तुला गाठायच्या बायका त्या रांगेत नसतात. साखरपुडा झालेली मुलगी, तांबी काढायला आलेली बाई, थोरल्याला लस टोचायला कडेवर घेऊन आलेली आई, यांना धर. ‘पुढचं मूल कधी?’ असं चारचौघांत विचारू नकोस. बाजूला घेऊन ‘सध्या काही साधन वापरता का?’ एवढं विचार. ‘नाही’ म्हणाली की गोळी आजपासून.

मात्रा रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत. दोन-तीन महिने आधी सुरू झाली तर फारच उत्तम, कारण रक्तातली पातळी सावकाश चढते. पट्टी मागवून स्वतः वाच. दुकानात नुसतं ‘फॉलिक’ मागितलं की बरेचदा 5 मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे साडेबारा पट. एवढी मोठी मात्रा डॉक्टरांनी ठरवायची: आधीच्या बाळात हा दोष होता, आई किंवा वडिलांना स्वतःला आहे, मधुमेह आहे, किंवा फिट्सची औषधं चालू आहेत अशांसाठी. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत 4 मिलिग्रॅमने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटलं होतं, पण त्या सगळ्या आधी असं बाळ झालेल्या बायका होत्या. मिथाइलफोलेट या फॉलिकच्या महागड्या प्रकाराच्या जाहिरातींना भुलू नकोस. हा दोष टळतो याचा पुरावा साध्या फॉलिक अ‍ॅसिडचा आहे.

मोठी मात्रा सरसकट न देण्याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. कांदा-लसूणही न खाणारी शाकाहारी घरं इथे पुष्कळ. त्यांच्यात बी-12 कमी असण्याची शक्यता मोठी, आणि जास्त फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. शिवाय बी-12ची कमतरता या दोषाशीही जोडलेली आहे. तेव्हा हातापायाला मुंग्या येतात का, ते विचारायचंच.

‘मुलीला शाळेत निळी गोळी मिळते की,’ असं आया सांगतील. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं, तेही आठवड्यातून एकदाच. रोजचे 400 धरले तर आठवड्याचे 2800 होतात. ती गोळी पंडुरोगासाठी आहे, तिथे तिचं काम चोख आहे.

आता पीठ. अमेरिकेने 1998 पासून धान्याच्या पिठात 100 ग्रॅमला 140 मायक्रोग्रॅम फॉलिक घालणं सक्तीचं केलं, आणि हे दोष तिथे ठळक घटले. आपल्याकडे +एफ खूण असलेल्या, म्हणजे फॉर्टिफाइड (वरून पोषकद्रव्यं घातलेल्या) आट्यात फॉलिकचं मानक किलोला 75 ते 125 मायक्रोग्रॅम. दिवसाला 200 ग्रॅम कणीक खाणाऱ्या बाईला त्यातून 15 ते 25 मिळतात. त्यातही माळव्यात कोण पुड्याचा आटा आणतं? हंगामात छावणीच्या धान्यबाजारातून लोकवन किंवा शरबती गहू भरायचा आणि महिन्याला लागेल तसा चक्कीवर दळून आणायचा. त्या डब्यात फॉर्टिफिकेशन पोहोचतच नाही. रेशनच्या फॉर्टिफाइड तांदळात शंभराला एक दाणा फॉलिक वगैरे घालून घडवलेला असतो. वेगळा दिसतो म्हणून ‘प्लास्टिकचा’ समजून बायका तो निवडून टाकतात. तो टाकू नका, एवढं आवर्जून सांग.

पालक, मूग, हरभरा खायला सांगच, पण उकळून पाणी फेकलं की त्यांतलं फोलेटही (अन्नातलं फॉलिक) गेलं. आणि हे सगळं गोळीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे.

गोळी नियमाने घेऊनही एखादीला असं मूल होतं. अशा घरात ‘हिने गोळ्या घेतल्या नाहीत’ हे वाक्य लगेच उठतं. तिच्यादेखतच घरच्यांना सांग की सगळे दोष याने टळत नाहीत. आणि फिट्सवर व्हॅल्प्रोएट (या दोषाचा धोका वाढवणारं औषध) घेणारी मुलगी लग्नाआधी तुझ्यापुढे आली, तर आपल्या मनाने ती गोळी बंद करू नको म्हणावं, आणि त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी द्यायची.