पणजोबांचं फक्त नाव आणि गाव माहीत असेल, तर पुढचं कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचं नाव आणि सातारा जिल्ह्यातलं गाव एवढंच ठाऊक आहे, माणूस साधा शेतकरी, मग त्याचं कुठे काय सापडणार? सापडतं. मी माझ्या पणजोबांच्या मागे दोन वर्षं होतो, तेही सातारा जिल्ह्यातलेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधा माणूस कागदावर येतो तो सरकारला सारा हवा असतो तेव्हा आणि सावकाराला व्याज हवं असतं तेव्हा. त्यामुळे सुरुवात जमिनीपासून करा. आजचा सातबारा काढा. त्यावर जुन्या फेरफारांचे नंबर असतात. प्रत्येक फेरफार म्हणजे एक घटना: वारस लागले, वाटणी झाली, गहाण पडली, सोसायटीचा बोजा चढला, उतरला. नंबर धरून मागे मागे जायचं. काही तालुक्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत, नाहीतर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे आपल्या भागात साधारण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. मराठवाड्यात निजामाचा अंमल होता, तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनात (इसवी सनासाठी ५९० मिळवा). विदर्भाची पद्धत आणखी वेगळी.

एका ठिकाणी मी चार महिने अडकलो. जमिनींचे तुकडे जोडण्याच्या सरकारी एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता, हे कळल्याशिवाय मागचा माग लागत नाही. तो उतारा मोजणी ऑफिसात (म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयात) मिळतो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मी आपला अभिलेख कक्षात "गठ्ठा सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या" ऐकत बसलो.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट: साठ एकर होती, पणजोबांनी तमाशाच्या नादात घालवली. फेरफारात निघाली ती एकूण नऊ एकर बारा गुंठे. त्यातली चार एकर १९१९ साली दीडशे रुपयांना मुदतखरेदीने (म्हणजे मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत) सावकाराकडे गेली आणि परत आली नाही. बाकीची त्यांनी मरेपर्यंत राखली.

१९१९ च का, हे कोतवाल बुकात कळलं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद, हीसुद्धा तहसीलला असते. आमच्या गावचं ते मोडी लिपीत. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नाही, त्यामुळे नावं वाचताना जाणकार हवाच. मी एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना पानामागे पैसे दिले. ऑक्टोबर १९१८ च्या पानावर ते थांबले. नऊ दिवसांत आमच्या घरातल्या तीन नोंदी, तिन्हींपुढे कारण 'ताप'. इन्फ्लुएंझाची साथ. त्या साली पाऊसही नव्हता. दोन नोंदी लहान मुलांच्या आणि तिसरी एका बाईची, तिच्या नावापुढे 'कोम' आणि मग पणजोबांचं नाव. कोम म्हणजे बायको. पण हे नाव आमच्या घरात कोणी ऐकलेलंच नव्हतं! आजोबांच्या आईचं नाव वेगळं. म्हणजे आम्ही सगळे दुसऱ्या बायकोची संतती, आणि पहिलीचा उल्लेख शंभर वर्षांत एकदाही झाला नाही.

तेव्हा नावं वाचताना 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको, हे लक्षात ठेवा. आडनावावर जाऊ नका. ते बऱ्याचदा नसतंच, किंवा शाळेत मास्तरांनी बदललेलं असतं. धोंडू, दगडू अशी नावं दिसली तर आधीची मुलं जगली नव्हती का, ते मागच्या पानांवर पाहा. शके दिला असेल तर ७८ मिळवा. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी टाकलेली.

कागद शोधण्याआधी भाऊबंदांत एक प्रश्न विचारा: जात पडताळणीची फाइल कोणाकडे आहे? प्रवेशासाठी किंवा निवडणुकीसाठी कोणीतरी ती केलेली असतेच. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, त्यामुळे त्या फाइलीत वंशावळ, जुने दाखले, कधीकधी कोतवाल बुकाची नक्कलही आयती मिळते. माझ्या चुलत चुलत्यांच्या कपाटात ती वीस वर्षं पडून होती, मला दीड वर्षाने कळलं. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत बरेच जुने दप्तर स्कॅन झालं आहे, तेही जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा.

जमीन नावावर नसेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात कूळ म्हणून नाव शोधा. वतनाची असेल तर वतनाचे कागद वेगळे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे गाव आणि आडनाव सांगून नामावळी पाहता येते, पण तिथे गेलेल्यांचीच नावं मिळतात. आमच्यातलं कोणी गेलेलं नव्हतं, भाड्याचे पैसे कुठले?

हे सगळे कागद झेरॉक्स करून मी थोरल्या चुलत्यांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "तलाठी काय, सांगतील ते लिहितो." परवा पुतणीच्या हळदीत साठ एकर आणि तमाशा पुन्हा सांगून झाला.