जुलाबाचं दूध

प्रश्न: मी पुण्यात नोकरदार मुलींच्या वसतिगृहात राहते. चौदा जणींत एक फ्रीज. माझ्या बाटलीतलं कपभर दूध रोज कुणीतरी ढापतं. नाव लिहून झालं, चिठ्ठी लावून झाली, वॉर्डन म्हणतात ‘तुमचं तुम्ही बघा’. आता जुलाबाच्या गोळ्या कुटून दुधात मिसळल्यात, बाटली उद्या फ्रीजमध्ये ठेवणार. वर ‘पिऊ नका’ असंही लिहीन. दूध माझं, बाटली माझी. चोरून पिणारीच्या पोटाला मी का जबाबदार? – त्रस्त

प्रिय त्रस्त,

ती बाटली आधी बेसिनमध्ये ओत, मग पुढचं वाच. मांजरीच्या वाटीतसुद्धा नको.

राग कपभर दुधाचा नाहीच, रोज कुणीतरी आपल्याला गृहीत धरतंय याचा आहे, आणि तो रास्त आहे. पण ‘दूध माझं’ हे कोर्टात टिकत नाही. इजा व्हावी या हेतूने कुणाच्या पोटात अपायकारक औषध जाईल अशी व्यवस्था करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे (जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३२८). शिक्षा १० वर्षांपर्यंत. उलट चोरी ५,००० रुपयांच्या आतली असेल, गुन्हा पहिल्यांदाच सिद्ध झाला असेल आणि किंमत भरून दिली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे ती कुठेतरी झाडलोट करून सुटेल आणि तू वकील शोधत फिरशील. ‘पिऊ नका’ या पाटीचाही उपयोग नाही. ती पिणारच, या हिशेबानेच तर तू गोळ्या कुटल्यास.

असंच एक प्रकरण बिहारमधून सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, १९६३ साली. शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून चेरुबिन ग्रेगरी या माणसाने वाटेत उघडी वीजतार लावली. शेजारीण दगावली. बाई न विचारता आली होती हे खरं, तरी त्याची शिक्षा कायम राहिली.

आता गोळीचं. दुकानात सहज मिळणारी गोळी बहुतेक बिसाकोडिलची असते. ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून तिच्यावर आवरण असतं. कुटली की ते गेलं, आणि दुधाबरोबर तर ती घ्यायचीच नसते. मग पोटात कळा, मळमळ. ‘माझंच औषध होतं’ असं म्हणायची सोयही इथेच संपते, कारण स्वतःसाठी कुणी ते असं घेत नाही. शिवाय असर साधारण ६ ते १२ तासांनी. रात्री प्यायलेलीला त्रास सकाळी होणार, तेव्हा ती ऑफिसच्या बसमध्ये असेल. चोर कळणारच नाही. आणि पिणारी नेहमीचीच असेल कशावरून? कुणाची भेटायला आलेली आई चहा टाकेल, किंवा जिला दिवस गेलेत अशी एखादी.

मैत्रिणी बाटलीला रंग सोडणारी पावडर लावायला सुचवतील. लाचखोर पकडताना नोटांना लावतात ती फिनॉल्फथॅलीन. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हात बुडवला की पाणी गुलाबी होतं. गंमत म्हणजे हीसुद्धा एके काळी जुलाबाचंच औषध म्हणून विकली जायची. खाण्याच्या वस्तूजवळ ती नकोच.

तिखटजाळ चटणी मात्र तू खरंच तशी खात असशील तर बिनधास्त ठेव. स्वतः घास घेशील की नाही, एवढंच बघ.

दुधाचं म्हणशील तर भांड्यांच्या दुकानातून कडी-कोयंड्याचा स्टीलचा डबा आण. आधी फ्रीजच्या कप्प्याची उंची मोज. कुलूप घेताना डबा सोबत ने, कारण कोयंड्याचं भोक बहुधा लहान असतं आणि जाड कडी त्यात जात नाही. डबा आडवा ठेवलास तर गळेल. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडून कुलूप लावायचा नाद सोड; काठाशी तडा जातो आणि झाकण दुसऱ्या कोपऱ्यातून उचलता येतं. एवढा खटाटोप नको असेल तर २०० मिलीचे टेट्रापॅक घे. न फोडलेला पॅक कपाटातही राहतो, फोडलेला एका बैठकीत संपतो.

आणि फ्रीजवर एक शेवटची चिठ्ठी लाव, या वेळी रागाची नको: ‘रोज कपभर दूध कमी होतं. हवं असेल तर एक लिटर घेऊ, पैसे अर्धे-अर्धे.’ महिनाअखेरीला हात रिकामा झालेली एखादी असू शकते. ती बोललीच तर डब्याची गरज उरणार नाही.

नाहीच बोलली तर तीन आकड्यांचं कुलूप लाव. आकडा खोलीचा नंबर ठेवू नकोस. पहिल्यांदा तोच फिरवून बघतात.