जाहिरातींचे फोटो काढणारे प्रोफेशनल लोक नेमका कोणता कॅमेरा वापरतात? स्टुडिओ टाकतोय, चार लाखांत कोणता घेऊ?

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे मला माझं बोलता येईल. मोठ्या ब्रँडच्या शूटवर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचे कॅमेरे दिसतात: कॅननचा आर ५, निकॉनचा डी ८५० किंवा झेड ८, सोनीचे ए ७ आर. ४५ ते ६१ मेगापिक्सल. त्यावर मीडियम फॉरमॅट, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरचे: फुजीचे जीएफएक्स १००, हॅसलब्लाड आणि सगळ्यात वर १५० मेगापिक्सलचा फेज वन. यातले वरचे कॅमेरे बरेच जण विकत घेत नाहीत. शूटपुरते भाड्याने आणतात आणि भाडं क्लायंटच्या बिलात लावतात. तुम्ही विचारताय ‘वापरतात’ कोणता, आणि निघालाय विकत घ्यायला.

मोठ्या कॅमेऱ्याचा हाच सोस आमच्या दाजींनाही होता.

जळगावात माझा प्रॉडक्ट फोटोग्राफीचा छोटा स्टुडिओ आहे. सराफांचे दागिने, ठिबकच्या नळ्या, पापड, मसाले, येईल ते. सुरुवातीचे पैसे दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी घातले, त्यामुळे त्यांचं मत ऐकून घ्यावं लागतं. मत एकच: कॅमेरा मोठा दिसला की गिऱ्हाईक भाव करत नाही.

रावेरकडच्या एका केळी एक्स्पोर्टवाल्याचं काम आलं. १३ किलोच्या खोक्यावर छापायला एका फणीचा फोटो, बस. महिना मे. दाजींनी ठरवलं, यावेळी हॅसलब्लाड आणायचा. "चंद्रावर गेलेला कॅमेरा आहे, केळीला काय कमी पडतो?" १९६९ साली गेला होता हे खरं, पण तिथे कुणी खोक्यावर छापायला केळी घेऊन गेलं नव्हतं. तो काही मिळाला नाही. मुंबईहून दुसऱ्या कंपनीचा १०० मेगापिक्सलचा मीडियम फॉरमॅट आणला. तीन दिवसांचं भाडं, डिपॉझिट वेगळं, आणि आमचा पोरगा रात्रभर रेल्वेत बॅग मांडीवर घेऊन बसलेला. कॅमेऱ्यात खोट नव्हती, हे आधीच सांगतो.

केळीचा फोटो म्हणजे घाईचं काम. रंग पिवळा हवा, पण देठाशी थोडा हिरवा राहिलेला. रायपनिंग चेंबरमधून, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीतून, माल काढला की आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती अवस्था फार टिकत नाही. जिथे बोट दाबलं तिथे काही तासांत काळं पडतं. पॅकहाऊसमधून एक काका सोबत आले होते. ते फणी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी खालून धरायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत.

सुरू केलं. पहिला फोटो लॅपटॉपवर आला आणि दाजींनी शंभर टक्के झूम केलं. "देठ मऊ आहे." होतंच. १०० मेगापिक्सल इतक्या जवळून बघितलं की जे फोकसच्या केसभर मागे आहे ते सगळं मऊच दिसतं. जास्त भाग फोकसमध्ये यावा म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करत एफ २२ वर नेलं, तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, पुढचं केळंसुद्धा किंचित मऊ झालं. दाजींचं झूम चालूच. शेवटी फोकस स्टॅकिंग: फोकस थोडा थोडा मागे सरकवत चौदा फोटो काढायचे आणि मग जोडायचे. एकेक रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल २०० एमबीच्या आसपास, आणि आमच्या लॅपटॉपला रॅम आठ जीबी. तिसऱ्या सेटला लॅपटॉप बसला. दुपारी दोनला लाइट गेले, एसी बंद, बाहेर ४४. काका कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "केये काये पडू राह्यले भो." म्हणजे केळी काळी पडताहेत.

दाजी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. मी कपाटातून माझा जुना निकॉन डी ७५० काढला. २०१४ चं मॉडेल, २४ मेगापिक्सल, त्यावर १०५ एमएमची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स. फ्लॅश बॅटरीचे होते म्हणून वाचलो. डावीकडून बटर पेपरमधून एक फ्लॅश, उजवीकडे थर्माकोलचा तुकडा. फणी तरी चपटीच दिसत होती, पिवळा गोळा. मग काळ्या कार्डशीटची हातभर पट्टी कापून थर्माकोल आणि केळीच्या मधे उभी धरली. बोटभर पुढे घेतली तसे केळांचे कंगोरे एकेक करून उठून आले. काका खुर्चीवरून उठून जवळ आले. वीस मिनिटांत काम संपलं. उरलेल्या फण्या काकांनी आणि पोराने खाल्ल्या.

तोच फोटो छापला गेला. आता हिशोब बघा, कारण हा कुणी सांगत नाही. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यावरची छपाई फ्लेक्सोची, म्हणजे मऊ ठशाची. स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांच्या ओळी, इंचाला साधारण ६५ ते ८५. त्याच्या दुप्पट पिक्सल पुरतात, म्हणजे इंचाला फार तर १७०. फोटो बारा इंच रुंद, म्हणजे २०४० पिक्सल. माझ्या फाइलमध्ये रुंदीला ६००० होते. होर्डिंगचंही तेच. वीस फुटी फ्लेक्स म्हणजे २४० इंच, ६००० पिक्सल पसरले तर इंचाला २५ पडतात. महामार्गावरून जाणारा माणूस गाडी थांबवून ते मोजत नाही.

म्हणून तुमच्या चार लाखांतलं बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, एक लाखाच्या आत बसवा, सेकंडहँड घ्या. चांगली मॅक्रो लेन्स घ्या. दोन नाही, तीन फ्लॅश घ्या. स्टँड जड घ्या. लॅपटॉपला ३२ जीबी रॅम, मॉनिटरचे रंग अचूक जुळवायचं यंत्र आणि कलर चेकर, म्हणजे फोटोतले रंग तपासायचं कार्ड. केळीचा पिवळा मॉनिटरवर चुकला तर छापखान्यात कच्चं केळं छापून येतं, मग कॅमेरा कोणताही असो. सोन्याला तर बटर पेपरचा तंबू आणि काळी पट्टी यांच्याशिवाय गत्यंतर नाही. सोनं म्हणजे आरसा, त्यात छत, खिडकी आणि तुमचं तोंड, सगळं दिसतं. हे १५० मेगापिक्सलमध्ये जास्तच स्पष्ट दिसतं.

आणि हो, मीडियम फॉरमॅट फुकटचा दिखावा आहे असं मी म्हणत नाही. फॅशन, गाड्या, मोठं रिटचिंग असलेलं काम असेल तर १६ बिट रंगाचा, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांचा, फरक पडतो. भर उन्हात फ्लॅशने सूर्याला दाबायचं तर लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच बसवलेलं शटर, उपयोगी. फेज वनच्या लेन्सवर १/१६०० सेकंदापर्यंत फ्लॅश सिंक होतो, म्हणजे शटर आणि फ्लॅश जुळतात, साध्या शटरला १/२०० किंवा १/२५० वर थांबावं लागतं. एका सराफाच्या कॅटलॉगला मी स्वतःहून भाड्याने आणलाय आणि रडलो नाही. पण तेव्हा सोबत लॅपटॉपही भाड्याने आणला होता.

ते केळीचं रिकामं खोकं दाजींनी घरी शोकेसमध्ये ठेवलंय. पाहुणे आले की काढून दाखवतात, "शंभर मेगापिक्सल, मुंबईहून मागवला होता." ताई समोर असते म्हणून मी चहा पितो. दाजी, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर फाइल माझ्याकडे आहे: डी ७५०, १०५ एमएम, एफ १६, १/१६०, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं. तुम्ही तेव्हा लॅपटॉपवाल्याकडे होतात.