सूर-संवाद : चाल कुणाची, मास्टर कुणाचं?

प्रश्न : मी फोक पद्धतीची गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर गाते. घरीच सहा गाणी रेकॉर्ड केली. एका मित्राने त्यातल्या तीन गाण्यांत बासरी वाजवली, मिक्सिंगही केलं, पैसे घेतले नाहीत. आता तो म्हणतो, ही तिन्ही गाणी 'आपल्या दोघांची' म्हणून लावू. नाही म्हणायला जीभ रेटत नाही. लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, न शोधता स्वतःच प्रकाशित करू का? आणि गिटार फार घुमते, त्याचं काय? सोबत एक गाणं पाठवतेय.

उत्तर : तुमचा मित्र लबाड आहे असं मला वाटत नाही. फुकट राबणाऱ्यालाही काहीतरी हवं असतंच. ते काय, हे तुम्ही आधी बोलला नाहीत, एवढंच.

गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, दुसरी त्यांचं हे एक ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. त्याने शब्द लिहिले नसतील, चालीला हात लावला नसेल, तर पहिलीत त्याला वाटा नाही. (बासरीचा एखादा तुकडा त्यानेच रचलाय आणि त्याच्याशिवाय गाणं ओळखूच येत नाही, असं असेल तर मात्र स्वतःला खरं उत्तर द्या.) मास्टरच्या उत्पन्नात त्याने काही टक्के मागणं रास्त आहे. वादन आणि मिक्सिंगसाठी त्याचं नाव तर द्यायलाच हवं. टक्के किती ते दोघांनी बसून ठरवा, एका कागदावर लिहा, सह्या करा. गाणी बाहेर जाण्याआधी.

मी हे केलं नव्हतं. पहिल्या अल्बमचा खर्च दुसऱ्याने उचलला म्हणून मी इतकी हरखले की करार न वाचताच सही ठोकली. चार वर्षांनी एका माहितीपटासाठी गाणं मागायला फोन आला, तेव्हा कळलं की मास्टर खर्च उचलणाऱ्याच्या मालकीचं आहे आणि माझ्याच आवाजाची परवानगी मी देऊ शकत नाही. शब्द-चाली माझ्या नावावर होत्या हे नशीब. तीच गाणी पुन्हा मुद्रित न करण्याची करारातली मुदत सरल्यावर सगळी गाणी पुन्हा गायले. दर मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो; नव्या मुद्रणांना नवे क्रमांक मिळाले.

लेबलचं म्हणाल तर अमेरिकन फोक गायिका अनी डिफ्रॅन्कोने १९९० मध्ये, कॅसेटच्या जमान्यात, राइटियस बेब हे स्वतःचं लेबल काढलं. तुम्हाला आज डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणारी कंपनी, पुरेल. फक्त एक कलम शोधून वाचा : वार्षिक फी भरायची थांबलात तर गाणी राहतात की उतरवतात?

आता गिटार. तुम्ही माइक भोकासमोर ठेवलाय, पैज लावते. तो बाराव्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीकडे) रोखा, फूटभर लांब, आणि पुन्हा वाजवून ऐका. तुमचं गाणं मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी गिटार क्षणभर थांबते आणि तुम्ही श्वास घेता, तो मिक्सिंगमध्ये कुणालाही कापू देऊ नका. त्याच जागी मागे पंख्याची घरघरही येतेय. तेवढं कडवं पंखा बंद करून परत गा.