आधी विचारा, फंड कापतात का

तुम्ही विचारलंय: टिसमधून (टाटा समाजविज्ञान संस्था) एमए झालंय, महाराष्ट्रातल्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेवर जर्मनीत पीएचडी करायची आहे, कुठल्या शिष्यवृत्त्या मिळतात?

याद्या तुम्ही चाळल्याच असतील, त्यात डाड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था, पहिली असेल. माझं मत सांगते. विद्यापीठात पीएचडीसाठी पगारी जागा, म्हणजे नोकरी, मिळत असेल तर शिष्यवृत्तीकडे ढुंकूनही बघू नका.

आमचे आप्पा माथाडी. पाटणहून आले ते दाणाबंदरला, मग बाजार हलला तसे वाशीला. माझं शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशी आईने चाळभर पेढे वाटले. आप्पांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "फंड कापत्यात का गं?" मी हसले. म्हटलं, "आप्पा, ही स्कॉलरशिप आहे, नोकरी नाही." "मग आजारी पडलीस तर?" मी विषय बदलला.

माझा विषय काय होता, तर माथाडी मंडळं. हमालाला एक मालक नसतो, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. म्हणून १९६९ च्या कायद्याने व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्के वर्गणी, मंडळात भरायची, आणि मंडळाने त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, दवाखाना बघायचा. जर्मन प्राध्यापकांना हे समजावताना माझी छाती फुगायची. आणि ज्या टेबलावर बसून मी ते लिहीत होते तिथे मला स्वतःला यातलं काही म्हणता काही नव्हतं.

शिष्यवृत्तीवाला तिथे कर्मचारी धरला जात नाही. पीएचडी करणाऱ्याला विद्यार्थ्यांच्या स्वस्त दरातला आरोग्य विमाही सहसा मिळत नाही. मालकाचा हिस्सा आणि कामगाराचा हिस्सा, दोन्ही मीच भरायचे. शेजारच्या टेबलावरची मुलगी विद्यापीठात अर्ध्या जागेवर होती, पगाराची ई-१३ श्रेणी, निम्मे तास. विमा, पेन्शन, बेकारी विमा, सगळ्यात तिच्याबरोबर विद्यापीठाचा वाटा. तिचा करार आणि माझी तीन वर्षांची शिष्यवृत्ती एकाच महिन्यात संपली, प्रबंध दोघींचेही अर्धवट. ती रोजगार कार्यालयात नाव नोंदवून आली आणि तिला भत्ता सुरू झाला. मी ज्यांच्याकडून पैसे घेत होते त्यांना मुदतवाढीसाठी पत्र लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, शुभेच्छांसकट. मग सात महिने गोदामात खोकी भरली. फोनवर आप्पांनी काम कसलं ते विचारलं नाही, हातमोजे देतात का एवढंच विचारलं.

आमच्या बॅचचा एक सीनियर तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचा, नोकरी घेतलीत तर प्रोफेसरची धुणी धुवाल, शिष्यवृत्ती म्हणजे स्वातंत्र्य. त्याच्या घरून महिन्याला पैसे यायचे. असलं स्वातंत्र्य कुणालाही परवडेल. हे मी त्याला तोंडावर बोलले होते आणि आजही बोलेन.

तर शोधायचं कसं? विद्यापीठांच्या जागांच्या जाहिराती बघा, ५० किंवा ६५ टक्के जागा असं लिहिलेलं असतं. कासेल विद्यापीठाने विकास आणि सन्मानाचं काम या विषयावर केंद्र उभारलं होतं, टिसशी त्यांचा जुना संबंध आहे, तुमच्या विषयाला तिथे ओळख करून द्यावी लागणार नाही. जर्मन येत असेल आणि युनियनमध्ये किंवा चळवळीत खरंच काम केलं असेल, तर शिष्यवृत्त्या देणारी दोन प्रतिष्ठानं बघा, कामगार संघटनांचं हान्स ब्योक्लर आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचं फ्रीडरिश एबर्ट. नुसते मार्क तिथे चालत नाहीत. स्वीडन, नेदरलँड्समध्ये तर पीएचडी करणारा बहुतेक वेळा कर्मचारीच असतो, जर्मनीचाच हट्ट का?

आपल्या सरकारचं म्हणाल, तर अनुसूचित जाती, भूमिहीन शेतमजूर वगैरेंच्या मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीने २०२२ मध्ये भारताविषयीच्या सामाजिक अभ्यासाचे विषयच वगळले. म्हणजे भूमिहीन शेतमजुराच्या मुलीने त्या पैशावर बाहेर जाऊन शेतमजुरीवर लिहायचं नाही! अनुसूचित जातीच्या मुलांसाठीच्या राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीची अट आहे, आणि कामगारांवरचं चांगलं काम क्रमवारी बघून होत नसतं. दोन्हींची या वर्षीची नियमावली मात्र स्वतः वाचा, माझ्या रागावर जाऊ नका.

आणि हो, अर्धी जागा म्हणजे अर्धं काम असं समजू नका. प्राध्यापकाचा प्रकल्प, शिकवणं, पेपर तपासणं यात दिवस जातो आणि प्रबंध रात्री. त्या शेजारच्या मुलीचा प्रबंध माझ्यानंतर वर्षभराने पूर्ण झाला. एवढं त्या सीनियरचं खरं होतं. शिवाय डाडसारखे काही जण विम्याची सोय स्वतः करतात, तेव्हा सगळ्या शिष्यवृत्त्या माझ्यासारख्या नसतात. दुसरं काहीच मिळत नसेल तर घ्या. फक्त सही करायच्या आधी ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा: विम्याचा हप्ता कोण भरणार, आजारपणात पैसे चालू राहतात का, आणि मुदत संपली नि प्रबंध राहिला तर काय. आणि एपीएस, म्हणजे आपल्या पदव्या तपासून मिळणारं प्रमाणपत्र, तुमच्या व्हिसाला लागतं का ते जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर आजच बघा.