मुलीला खालच्या गणिताच्या वर्गात टाकलंय, न्यू जर्सीत काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत आलेलं कुटुंब, मुलगी आता सातवीत, गणितात वर्गात पहिली. १२ जूनला शाळेच्या काउन्सेलरचा ईमेल आला की ती अजून ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या इंग्रजी वर्गात, आहे म्हणून वरच्या गणिताच्या वर्गात घेणार नाही, ईएसएल संपलं की बघू. खालच्या वर्गात जवळपास सगळी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, वरच्यात बहुतेक गोरी. आईला विचारायचंय की ह्याला भेदभाव म्हणता येतं का, आणि तक्रार केली तर नवऱ्याच्या एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसाला धोका आहे का.

ताई, आधी व्हिसाचं सांगतो, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय. शाळेविरुद्ध तक्रार करायला कुठलंही स्टेटस लागत नाही आणि अशा तक्रारीचा एच-वन-बीशी काही संबंध नाही. उलट तक्रार केली म्हणून शाळेने मुलीला त्रास दिला तर तेच बेकायदेशीर, त्याची वेगळी तक्रार होते.

आता केस. तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे तो ईमेल. गणित कच्चं आहे असं कारण दिलं असतं तर भांडण अवघड होतं, पण मार्क उत्तम आणि काउन्सेलरनेच लिहून दिलंय की अडचण फक्त भाषेची. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचं टायटल सिक्स सांगतं की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला वंश, रंग किंवा मूळ देश बघून भेद करता येत नाही. आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांच्या केसमध्ये, लाउ विरुद्ध निकोल्स, १९७४, सुप्रीम कोर्टाने मुलाला कळत नसलेल्या भाषेत सगळ्यांसारखं पुस्तक हातात देणं म्हणजे समान शिक्षण नव्हे असं ठरवलं. भाषेची मदत बाकीचे विषय शिकता यावेत म्हणून असते, ती चालू आहे म्हणून गणित अडवायचं हे उलटंच झालं.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं आणि ते तक्रारीत येऊ देऊ नका. "आमच्या मुलीला त्या मुलांमध्ये बसवलंय." रागात लिहिलंय हे कळतं, आईचा जीव आहे. पण मिसिसिपीत १९२४ साली मार्था लम नावाच्या चिनी मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत घरी पाठवलं, तेव्हा तिच्या वडिलांनी कोर्टात हेच मांडलं की माझी मुलगी कृष्णवर्णीय नाही, तिला त्यांच्यात का ढकलता. वेगळ्या शाळा का आहेत हे विचारलंच नाही. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना हरवलं. आणि त्यानंतर १९४४ मध्ये इथेच, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये, ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स ह्या दोन कृष्णवर्णीय आयांनी घराजवळची शाळा सोडून मुलांना दोन मैल लांबच्या शाळेत पाठवतात म्हणून केस लढली आणि जिंकली. आज तुम्ही ज्या हक्कावर बोलताय तो अशा आयांनी मिळवलाय, म्हणून मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की त्या वर्गातल्या बाकी मुलांचंही गणित कुणी नीट तपासलं नसणार. न्यू जर्सीतल्याच साउथ ऑरेंज-मेपलवूड शाळा डिस्ट्रिक्टला २०१४ मध्ये फेडरल शिक्षण खात्याशी करार करावा लागला तो ह्यावरूनच, वरच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं फार कमी म्हणून.

ह्या आठवड्यात मुलीच्या सगळ्या नोंदी लेखी मागा, टेस्टचे मार्क, वर्ग ठरवायचे निकष, सगळं. फर्पा ह्या शाळेच्या नोंदींबद्दलच्या फेडरल कायद्याने ४५ दिवसांच्या आत दाखवावंच लागतं. त्याचबरोबर प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटला लिहा की निर्णय बदला, फोनवर बोलणं झालं तरी नंतर "आज आपलं असं ठरलं" म्हणून ईमेल टाका.

नाही ऐकलं तर दोन दारं आहेत. एक फेडरल शिक्षण खात्याचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, फुकट, वकील लागत नाही, पण मार्च २०२५ मध्ये त्यांची १२ पैकी ७ ऑफिसं बंद केली, न्यूयॉर्कचंही, तेव्हा तिथे वर्ष निघून जाऊ शकतं. म्हणून मी आधी दुसऱ्या दाराकडे, भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या राज्याच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे जाईन. दोन्हीकडे मुदत १८० दिवसांची, म्हणजे ईमेलपासून मोजलं तर ९ डिसेंबर, शाळेशी चर्चा चालू आहे म्हणून थांबून राहू नका. थेट कोर्टात जायची घाई नको, कारण सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या सँडोव्हल निकालानंतर टायटल सिक्सखाली खासगी दावा लावायचा तर शाळेने मुद्दाम भेद केला हे सिद्ध करावं लागतं आणि ते जड जातं.

आणि तुम्ही लिहिलंय की मुलीच्या मैत्रिणीची आई, त्या कृष्णवर्णीय बाई, तुम्हाला पार्किंगमध्ये म्हणाल्या की त्यांच्या मुलीचंही तसंच झालंय. त्यांना फोन करा. मुलीचे मार्क काय होते, कारण काय दिलं, लेखी आहे का, एवढं विचारा. एकीचंच गेलं तर शाळा चूक झाली म्हणून तेवढंच मिटवून टाकेल, दोघींचं एकत्र गेलं तर वर्ग कसे ठरवता हेच दाखवावं लागेल. त्या हो म्हणाल्या तर अर्ज दोघींनी एकाच दिवशी टाका, ९ डिसेंबरच्या बऱ्याच आधी.