शोधनिबंधात माझं असं काय?

प्रश्न : मी एलएल.एम. करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा हा माझ्या शोधनिबंधाचा विषय. गाइड म्हणतात, ‘यात नवीन काय?’ त्यात सॉफ्टवेअरने इतरांच्या लेखनाशी २२ टक्के साम्य दाखवलं. विषय बदलू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : विषय बदलू नका. आधी त्या २२ टक्क्यांचं बघू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायला सांगतात. पण कायद्याचा मजकूर, संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजायची नसतात. ती वगळून तपासणी झाली का, ते ग्रंथपालांना विचारा. उरलेलं साम्य शब्द फिरवून झाकू नका. विचार ज्याचा, त्याचं नाव आलंच पाहिजे.

गाइडचा प्रश्न मात्र रास्त आहे. याच विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा ‘विशाखा’ निकाल, मग कायदा, मग तक्रार ऐकणाऱ्या समित्या, शेवटी ‘अंमलबजावणी कडक व्हावी’ : अशा साच्यातले निबंध मी वर्षानुवर्षं तपासले. विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं शोधून सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुम्ही या कायद्याचं कलम ११ उघडा आणि पवईच्या टॉवरमध्ये पोळ्या करायला जाणाऱ्या बाईंच्या बाजूने वाचा. ऑफिसातल्या बाईच्या तक्रारीची तिथली अंतर्गत समिती स्वतः चौकशी करते. घरकामगार बाईंची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, की समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची. बाईंना पोलीस नको असतील तर? कलम १०मधला समेटाचा मार्ग त्यांना उरतो का? चौकशीच नाही, तर कलम १३ची भरपाई कशाच्या आधारे मागायची? यातला एकच प्रश्न घ्या आणि उत्तर तुमचं तुम्ही द्या, कुणी खोडून काढू शकेल इतकं स्पष्ट.

त्यासाठी संसदेची कागदपत्रं वाचा. २०१०च्या मूळ विधेयकात घरकामगार नव्हत्याच. संसदेच्या स्थायी समितीच्या शिफारशीनंतर त्या आल्या. त्यांच्यासाठी वेगळी वाट का काढली, ते तिथे शोधा. स्थानिक समित्यांना कलम २१प्रमाणे वार्षिक अहवाल द्यावा लागतो. मुंबई शहर आणि उपनगर, दोन्ही जिल्ह्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागवा. अर्ज याच आठवड्यात टाका, उत्तराला वेळ लागतो. गाइडकडे जाताना नवा आराखडा नको. तो एक प्रश्न आणि तुमचं कच्चं उत्तर पानभर लिहून न्या.